पतंगांचे सारखे वाटे

माणसं मला चेहऱ्याने चटकन ओळखू येत नाहीत. मंडळाच्या गणपतीत मी दोनदा भलत्याच काकूंना गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारलेलं आहे. अळी मात्र मी पाठमोरी असली तरी ओळखते. शेपटाकडून दुसऱ्या कप्प्यावर चार काळे ठिपके असतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. ते दिसले की मग डोकं बघायचं. कपाळावर फिकट रेघांनी इंग्रजी वाय उलटा काढलेला असतो. दोन्ही जुळलं तर ती अमेरिकेकडून आलेली लष्करी अळी. मग ही बातमी मक्याच्या मालकाला कशी सांगायची हा पुढचा प्रश्न, आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही.

मंडळाच्या या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे बहुतेक निवृत्त असतात. संपादक काकांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काका, माझे तर तीनच पावसाळे झालेत, तेही हंगामी कामाचे." ते म्हणाले, "अगं, निवृत्तांचे लेख फार लांबतात. तू लिही." म्हणून लिहिते आहे. माझी शाळा हिंदीतून झाली. मराठी जी आहे ती घरात ऐकलेली. हा मजकूर आईला वाचून दाखवला आणि ती जिथे हसली तिथे दुरुस्त केला. काही ठिकाणी ती शब्दाला हसली की मला, ते कळलं नाही.

आमचं घर सुतारांचं. आमचे पूर्वज दरबाराबरोबर देवासला आले, पालख्या आणि चौकटी करायला. दरबार गेला. आता बाबा प्लायवूडचे पलंग करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी जे काही करते ते मोठंच असणार असं सगळ्यांना वाटतं. आईने नातेवाइकांत सांगून ठेवलं आहे की मुलगी "सरकारी कीटक" बघते. कीटक सरकारी नाहीत आणि मीही नाही. एका संस्थेचा प्रकल्प होता, आणि शेतीच्या कॉलेजातली मुलं त्यात पावसाळ्यापुरती घेतली होती. काम एवढंच की मक्यात ही अळी आली का, किती आली, हे बघायचं आणि कळवायचं.

काम थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या अळीचा पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालतो आणि त्यांच्यावर आपल्याच अंगाची लव पांघरतो. बारीक अळ्या आधी पानाचा नुसता हिरवा रंग खरवडतात, त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. मग त्या पोंग्यात शिरतात. पोंगा म्हणजे मक्याच्या मधोमध गुंडाळलेली कोवळी पानं. आत बसून अळी खाते आणि आपल्याच विष्ठेचं बूच वर लावून घेते. ते बूच ओल्या भुशासारखं दिसतं. कॉलेजात बाकीच्यांना ते ओळखायला वेळ लागला. मला नाही लागला. माझं लहानपण भुशात गेलेलं आहे. एकदा बूच लागलं की वरून कितीही फवारा, आत काही पोचत नाही. म्हणून लवकर बघायचं असतं.

बघण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे सापळा. काठीवर नरसाळं, खाली पिशवी, वर मादीचा वास लावलेलं रबरी बूच. वासाने नर येतात आणि पिशवीत पडतात. मराठी पुस्तकात याला कामगंध सापळा म्हणतात. हा शब्द मी बाबांसमोर मोठ्याने वाचला नाही. सापळ्यात पतंग आले की समजायचं, आता शेतात फिरायला हवं. दुसरी रीत म्हणजे तेच फिरणं. शेतात वेड्यावाकड्या वाटेने पाच ठिकाणी थांबायचं आणि दर ठिकाणी दहा झाडांचे पोंगे उघडून बघायचे. सापळा फक्त हाक मारतो. कुणाचं शेत खाल्लं जातंय हे त्याला कळत नाही. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. पुढे मी काय केलं ते वाचताना हे गुण लक्षात असू द्या.

पहिला पावसाळा लोहारद्याकडे गेला. तिथे एका खाद-बीजवाल्याच्या दुकानात मी एक शेतकरी पाहिला. त्याने काडेपेटीत एक किडा आणला होता. दुकानदाराने काडेपेटी न उघडताच फळीवरून बाटली काढली.

मी म्हटलं, "भिया, पहले देख तो लो कौन सी इल्ली है."

"मैडम, देखना आपका काम, मारना हमारा," तो म्हणाला. "जो भी होगी, इससे मर जाएगी."

मी काडेपेटी उघडली. आत चित्रांगाचं पिल्लू होतं, म्हणजे त्या लाल ठिपकेवाल्या किड्याचं, जो दुसऱ्या किडी खातो. मी सांगितलं की हा तर मित्र आहे, याला सोडून द्या. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं आणि बाटली घेतली. त्याचंही बरोबर असेल. दुकानदाराने त्याला बसायला खुर्ची दिली होती, आणि मी तर स्वतःच उभी होते.

खातेगांवकडचे एक काका मला फोनवर फोटो पाठवायचे. आधी अळी चपलेने चिरडायची आणि मग फोटो काढायचा अशी त्यांची पद्धत. खाली लिहिलेलं असायचं, "मैडम, पहचानो." मी लिहायची, "काकाजी, ज़िंदा भेजो." ते लिहायचे, "ज़िंदा में हिलती है."

दुसऱ्या वर्षी मला धार जिल्ह्यात पाठवलं. धारला आत्याकडे राहायचं आणि दर मंगळवारी बसने अमझेऱ्याला. तिथून पुढे टेकडीच्या उतारावर एक फळिया होता, म्हणजे सात-आठ घरांची भिल्लांची वस्ती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गावाला पुढे प्रमाणपत्र मिळालं.

प्रकल्पाचे जे मोठे सर होते ते आपल्यातलेच, दरबारच्या जुन्या कामदारांच्या, म्हणजे कारभाऱ्यांच्या घराण्यातले. खूश असले की मराठी बोलत आणि कामाचं बोलायचं असलं की हिंदी. पहिल्याच भेटीत म्हणाले, "आडनावावरून ओळखलं. आमच्या आजोबांचा झोपाळा तुमच्याच लोकांनी केलेला. अजून कुरकुरतो." मी घरी सांगितलं. बाबा रंधा थांबवून म्हणाले, "त्यांना विचार, कड्यांना शेवटचं तेल कधी घातलं."

फळियात सहा शेतं ओळीने होती, टेकडीच्या पोटापासून खाली नाल्यापर्यंत. सगळ्यात वरचं रामसिंग दाजींचं. सगळ्यात खालचं, नाल्याला लागून, झमकूबाईंचं. दाजी फळियातले वडीलधारे. त्यांचं पहिलं बी पावसाने ओढ दिल्यामुळे उगवलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या मागून तीन आठवड्यांनी पुन्हा पेरणी केली होती. बाकीच्यांची मका कमरेला लागली तेव्हा त्यांची वीतभर होती. उशिराच्या कोवळ्या मक्यावर ही अळी तुटून पडते. आणि त्या घरात मका विकायला नसते, ती वर्षभराची भाकरी असते. दाजी दर मंगळवारी एकच विचारायचे, "मैडम, म्हारी मक्का बचेगी?"

सहा शेतांत मी सहा सापळे लावले. काठ्या बाबांनी उरलेल्या लाकडाच्या करून दिल्या होत्या आणि त्यांच्यावर एक ते सहा आकडे रंगवले होते. त्यामुळे फळियात सापळ्याला कुणी सापळा म्हटलं नाही, सगळे डंडाच म्हणाले. लावून झाल्यावर सगळ्यांना महुड्याखाली, म्हणजे मोहाच्या झाडाखाली बसवून मी समजावलं. मी फार मनापासून समजावलं, हीच चूक झाली. म्हटलं, "इसमें मादा की गंध है. नर पतंगे इसके पीछे दूर-दूर से आते हैं."

दाजींनी विचारलं, "कितरी दूर से?"

"बहुत दूर से," मी अभिमानाने म्हटलं. "पास के सब खेतों से."

सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं समजलं. त्यांना खरोखरच समजलं होतं.

पहिल्या मंगळवारी मी पिशव्या उघडल्या तर झमकूबाईंच्या सहा नंबरात बरेच पतंग होते. बाकीच्यांत एक-दोन, दाजींच्यात काहीच नाही. माझं तोंड उतरलं असावं. दाजींना मी म्हटलं, "अरे, आपके में तो कुछ आया ही नहीं." आणि झमकूबाईंना म्हटलं, "शाबाश, बहुत अच्छा." का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. पिशवी भरलेली बघून म्हटलं. पेपर भरलेला बघितला की आमच्या मास्तरांना जसं बरं वाटायचं, तसं वाटलं असेल.

दुसऱ्या मंगळवारी एक ते सहा सगळ्या पिशव्यांत पतंग होते. प्रत्येकीत अकरा, दाजींच्यात बारा. तिसऱ्या मंगळवारी सगळ्यांचे नऊ, दाजींचे दहा.

आता फॉर्मबद्दल सांगायला हवं. फोनवरच्या फॉर्ममध्ये तीन रकाने भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. सापळ्याचा नंबर, पतंगांची संख्या आणि सापळ्याचा फोटो. खाली बारीक अक्षरात आणखी एक रकाना होता, किती झाडं तपासली आणि किती खाल्लेली मिळाली. त्याच्यापुढे लिहिलं होतं, "वैकल्पिक". मी सुरुवातीला तो भरत असे. सर म्हणाले, "बेटा, वैकल्पिक का मतलब समझती हो ना? उसमें दिन चला जाता है. ट्रैप के आंकड़े लाओ." चार गावं एका दिवसात करायची होती. मी समजले. हिंदीत समजायला मला कधी अडचण येत नाही.

सर त्या आकड्यांवर फार खूश झाले. त्यांनी आलेख काढला, त्यात सहा रेघा एकमेकींवर बसल्या. "काय सुंदर आकडे आहेत," ते मराठीत म्हणाले. "संपूर्ण गावात समान दाब, आणि उंचावर किंचित जास्त. हे मी बैठकीत दाखवणार." आणि सगळ्यांच्या फोनवर संदेश गेला की पूर्ण गावाने फवारणी करावी. दाजींनी दर वेळी विचारलं की म्हारी मक्का बचेगी, आणि मी दर वेळी पिशवीतले पतंग मोजून म्हटलं, "दाजी, आपकी तो सबके बराबर है." ते हसायचे. वडीलधाऱ्याच्या पिशवीत एक जास्त का असतो, हे मी त्यांना विचारलं नाही.

मला शंका यायला पाचवा मंगळवार उजाडला, आणि तीही शेतीच्या शिक्षणामुळे आली नाही. बाबा एकाच फळीतून, एकाच करवतीने पलंगाचे चार पाय कापतात, तरी एक पाय जरासा डुगडुगतोच आणि त्याच्याखाली चकती मारावी लागते. सहा शेतांतले पतंग मात्र कधीच डुगडुगत नव्हते. त्या दिवशी मी दाजींच्या शेतातली काठी हलवून बघितली. ती सहज निघाली. टोकाला वीतभर काळी चिकट माती होती. दाजींचं शेत मुरमाचं आहे, तांबूस आणि खडबडीत. काळी माती खाली नाल्याकाठीच आहे.

मी काठी होती तशी परत रोवली. शुक्रवारी न सांगता गेले.

झमकूबाईंच्या बांधावर सहाही डंडे ओळीत उभे होते. दोघांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर लुगडं वाळत घातलेलं होतं. झमकूबाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या मक्यात वाकून काहीतरी करत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आज मंगळ हे कईं?"

"नहीं, बाई. ये डंडे यहाँ कैसे?"

"चाल के आया," त्या म्हणाल्या, आणि मग मला बांधावर बसवून सगळं सांगितलं.

मी महुड्याखाली सांगितलं होतं की डंडा आजूबाजूच्या सगळ्या शेतांतून पतंग बोलावतो. मग असला डंडा आपल्या शेतात कोण ठेवील? त्याच संध्याकाळी दाजींनी आपला डंडा काढून खालच्या भावाच्या बांधावर ठोकला. भावाने दाजींचा आणि आपला असे दोन उचलून त्याच्या खालच्याच्या बांधावर ठोकले. त्याने तीन. असं करत दोन दिवसांत पाच डंडे झमकूबाईंकडे आले, आणि सहावा त्यांचा स्वतःचा तिथे होताच.

"आपने आगे क्यों नहीं भेजे?"

"आगे नालो हे," त्या म्हणाल्या. "मछली कईं करेगी डंडा को?"

मंगळवारी सकाळी माझी बस यायच्या आधी सगळे आपापला नंबर घेऊन जात, कारण मी नाव आणि नंबर वाचून हजेरी घेत असे आणि मॅडमला वाईट वाटू नये अशी सगळ्यांची इच्छा होती. पहिल्या आठवड्यात पतंग आपल्या शेतात परत नकोत म्हणून ते झमकूबाईंच्या पिशवीत झटकले आणि फक्त डंडे नेले. मी रिकाम्या पिशव्या बघून तोंड पाडलं आणि भरलेलीला शाबाशी दिली. मग त्यांनी विचार केला. या फळियात नाल्यात मासे धरले की सगळ्यांचे सारखे वाटे घालतात. कुणी धरले हे बघत नाहीत. जास्तीचा मासा वडीलधाऱ्याला. तेव्हा पतंगांचेही वाटे घातले. दर मंगळवारी सकाळी झमकूबाईंच्या ओट्यावर सहा ढीग लावून पतंग मोजले जात, उरलेला एक दाजींना. संस्थेच्या बैठकीत समान दाब म्हणून पडद्यावर जे दाखवलं गेलं ते हे होतं. उंचावर किंचित जास्त होतं ते दाजींचं वय.

मला हसू आलं, आणि झमकूबाईही हसल्या. मग मी त्यांना विचारलं की सहा डंडे तुमच्याकडे, तर तुमच्या मक्याचं काय? त्यांनी मला आत नेलं. मी पन्नास पोंगे उघडले. दोन अळ्या मिळाल्या, बारीक. पोंग्यांत चुलीची राख होती.

"म्हूं ने सोच्यो," त्या म्हणाल्या, "सबका पतंगा म्हारे यां भेज दिया, तो इल्ली भी म्हारे यां आवेगी. तो रोज सवेरे एक-एक झाड़ देखूं. मिले तो मसळूं, राख डालूं."

माझ्या लक्षात आलं की पूर्ण गावात खरं निरीक्षण करणारी एवढी एकच बाई होती, आणि ती माझी चुकीची शिकवण खरी धरून करत होती. उरलेल्या पाच घरांनी तीच शिकवण खरी धरली होती. त्यांनी डंडा पाठवून दिला आणि पोंगा उघडून बघितलाच नाही.

मी वर पळाले. मधल्या चार शेतांत मका तुऱ्यावर आली होती. थोडी खाल्लेली पानं, फार काही नाही. फवारणीचा संदेश वाचून त्यांनी फवारलंही होतं, ज्याची त्यांना गरज नव्हती. मग दाजींचं शेत. लांबूनच पानांवर ओळीने भोकं दिसत होती. पहिलाच पोंगा उघडला आणि हाताला ओला भुसा लागला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळ्यांना बूच लागलेलं. आत बोटाएवढ्या अळ्या होत्या, पाठीवर चार ठिपके स्पष्ट. दाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी फवारलं नव्हतं. त्यांच्या बटणाच्या फोनवर संदेश आला होता, पण तो वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. आणि मी तर त्यांना सांगतच होते की सबके बराबर है.

त्यांनी भुशाला बोट लावून बघितलं आणि खाली नाल्याकडे हात केला. म्हणाले, "पण मैडम, डंडो तो वां हे."

त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी मी सहाही शेतांत वैकल्पिक रकान्याचं काम केलं. पाच ठिकाणी दहा-दहा झाडं, सहा वेळा. संध्याकाळी अमझेऱ्याला नेटवर्क मिळालं तेव्हा फॉर्म भरला. चार आठवडे वाटे घातलेले पतंग मुकाट्याने गिळणाऱ्या त्या फॉर्मने दाजींच्या शेताचा आकडा घेतला नाही. पडद्यावर आलं, "मान असामान्य है, कृपया पुनः जाँचें," म्हणजे आकडा नेहमीसारखा नाही, पुन्हा तपासा. मी तीनदा भरला, तीनदा तेच.

मग सरांना फोन केला. सगळं सांगितलं, माशांच्या वाट्यांसकट.

"बेटा, आंकड़े ऊपर चढ़ चुके हैं," ते म्हणाले.

"सर, पण ते खोटे आहेत."

"खोटे कसे? पतंग खरे होते ना? मोजले तूच ना?" मग पुन्हा हिंदीत, "मंगलवार को विज़िट है. ट्रैप अपनी-अपनी जगह होने चाहिए."

माझ्या कॉलेजच्या प्रकल्पाचे गुण सरांच्या सहीवर होते. हे मी विसरले होते असं नाही. बसमध्ये धारपर्यंत तेच डोक्यात होतं. सोमवारी मी फळियात जाऊन सांगितलं की उद्या डंडे हलवायचे नाहीत, जिथे आहेत तिथेच राहू देत. आणि दाजींच्या घरातल्या सगळ्यांबरोबर जेवढ्या झाडांतून अळ्या काढता येतील तेवढ्या काढल्या, काढताना दाजींना पाठीवरचे चार ठिपके दाखवले, राख आणि माती घातली. लहान अळी असती तर उपयोग झाला असता. या मोठ्या झाल्या होत्या. थोडी झाडं वाचली.

मंगळवारी सर आले, बरोबर वरून आलेले दोन साहेब. सरांनी सहा डंडे एका बांधावर बघितले आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडून सांगणार होते. मनात वाक्य तयार होत होतं, पण मी वाक्य तयार करेपर्यंत जग पुढे जातं. मोठे साहेब झमकूबाईंच्या मक्यात शिरून बाहेरही आले होते. म्हणाले, "वाह. छह ट्रैप लगाए तो खेत साफ. ये तो डेमो प्लॉट है."

सरांनी एक क्षण घेतला. फक्त एक. "जी सर," ते म्हणाले, "डेमो प्लॉट."

"सर, ऐसा नहीं है," मी म्हटलं. आवाज किती निघाला मला माहीत नाही. साहेबांनी झमकूबाईंना विचारलं, "माताजी, क्या डाला?"

"राख," झमकूबाई म्हणाल्या.

"जैविक उपचार," सरांनी समजावलं.

"और रोज देख्यो," झमकूबाई म्हणाल्या. हे कुणी लिहून घेतलं नाही.

मी साहेबांना वर दाजींच्या शेताकडे चला म्हटलं. चढ बघून ते म्हणाले, पुढच्या वेळी.

गावाला नियमित आकडेवारीचं प्रमाणपत्र मिळालं. एक मलाही मिळालं, माझ्या नावाचं, सोनेरी काठाचं. मी कॉलेजच्या अहवालात जे झालं ते लिहिलं, सापळे कसे फिरले, वाटे कसे पडले, मी काय बघितलं नाही. सरांनी सही केली, पण शेरा लिहिला, "भाषा ललित आहे." गुण जेमतेम मिळाले. बाबांनी प्रमाणपत्र बघून चौकटीसाठी सागाच्या चार पट्ट्या कापल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पट्ट्या परत ठेवल्या आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. दुसरं काही येईल."

थंडीत मी एकदा फळियात गेले, कुणी पाठवलं नव्हतं तरी. दाजींची अर्धी मका कणसं धरायच्या आधीच बैलांना कापून घालावी लागली होती, हे मला माहीत होतं. त्यांच्या घरी पाहुणा आला की मक्याची रोटी करतात, जाड, हाताच्या ठशांची. त्या दिवशी ताटात गव्हाची पातळ पोळी आली, कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या गव्हाची. दाजी म्हणाले, "खा, मैडम." मी दोन खाल्ल्या. तिसरी मागायची हिंमत झाली नाही.

या वर्षी तो प्रकल्प त्या भागात नव्हता, मला दुसरीकडे काम होतं. पेरण्या होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, दाजींचा फोन आला. बटणाच्या फोनवरून, कुणाकडून तरी नंबर लावून घेतलेला. मी विचारलं, नवे सापळे पाठवू का, माझ्याकडे दोन उरलेत.

"डंडो मत लाजो," ते म्हणाले. "तम आजो."

रविवारी गेले. दाजी आणि झमकूबाई दोघं शेतात होते. सकाळी आधी ते दाजींची मका बघत आणि मग खाली जाऊन झमकूबाईंची, रोज. मका वीतभर होती, पानांवर कुठेकुठे खिडक्या. मी सवयीने पाच जागा ठरवायला लागले. दाजींनी तोवर एक पोंगा उघडला होता. त्यांनी आतून एक बारीक अळी काढली, नखाएवढी. चिरडली नाही. डोळ्यांजवळ धरली, उलटी फिरवली आणि पाठीकडून बघितली.

"चार टिपकी हे," ते म्हणाले, आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. "तमारी वाळी हे, मैडम."